अकरावी बातमी

१

नमिता खामकर रोज सकाळी रोह्याहून पावणेआठची एसटी धरायची. नागोठण्याला गाडी चहाला थांबायची, वडखळच्या नाक्यावर ट्रकांच्या मागे अडायची, आणि नऊ-सव्वानऊला पेणला पोचायची. 'खाडीवारा' साप्ताहिकाचं ऑफिस एका गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर होतं. डिसेंबरातच खाली पुढच्या भाद्रपदाचे साचे भरायला घेतलेले असत. जिन्यात ओल्या शाडूचा वास, आणि दोन्ही बाजूंना बिनडोळ्यांच्या मूर्ती ओळीने वाळत ठेवलेल्या.

साल १९९९. पेपर इंटरनेटवर गेला पाहिजे असं मालक-संपादक हैबतरावांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं. त्यांनी कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेल्या नमिताला नोकरीवर ठेवलं, टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडून दिला आणि म्हणाले, "कर काय ते."

नमिताने केलं. एक फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, तिने इंटरनेटवरूनच उतरवून घेतला आणि त्यावर पेपर उभा केला. वरून एक फीड बनवलं. तिला सगळ्यात जास्त अभिमान होता तो त्याचा. फीड म्हणजे ताज्या दहा बातम्यांची यादी. सर्व्हरवरचा प्रोग्राम दर तासाला डेटाबेसमधून दहा बातम्या उचलायचा, प्रत्येकीचा मथळा, लिंक आणि दोन ओळींचा गोषवारा एका फाइलीत मांडायचा. मुंबईची एक मोठी वेबसाइट ती फाइल आपोआप ओढून घ्यायची. मराठी फॉन्ट दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर फुटतो म्हणून फीडमधली मराठी रोमन अक्षरांत असायची. पण पेणची बातमी मस्कतमध्ये दिसायची, हे काय कमी होतं?

मस्कतमध्ये धनेश होता. मूळचा रोह्याचा, तिथे एका गोदामात नोकरीला. नमिताने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण आठवड्यातून एकदा त्याची मेल ठरलेली. कधी पालखीचे फोटो मागायचा, कधी भाताचा भाव विचारायचा.

त्या मंगळवारी त्याने लिहिलं होतं, "तुमच्या यादीत सगळ्यात खाली ती मोतीरामची बातमी रोज दिसते. तिला लिंकच नाही. सापडला का तो माणूस?"

नमिताने मेल दोनदा वाचली. मग उठून पंखा बंद केला. थंडीच वाजत होती.

मोतीरामची बातमी तिने स्वतःच्या हाताने पुसली होती. तीन आठवडे झाले होते.

२

झालं होतं ते असं. रोह्याबाहेरच्या एका केमिकल कंपनीत मोतीराम हिलम नावाचा ठेकेदाराचा कामगार तीन नंबरच्या टाकीत साफसफाईला उतरला. नदीकाठच्या कातकरवाडीतला माणूस. तो घरी आलाच नाही. कंपनीने सांगितलं, काम आटोपून संध्याकाळी पाच चाळीसला तो गेटातून बाहेर पडला, रजिस्टरात नोंद आहे. पुढे तो कुठे गेला, कुणाबरोबर गेला, ते आम्हाला काय ठाऊक?

'खाडीवारा'चा बातमीदार जगन वाडीवर जाऊन आला. बरोबरच्या दोन मजुरांशी बोलला आणि बातमी लिहिली. नमिताने ती टाइप करून साइटवर चढवली. वीस मिनिटांत फोन वाजला. हैबतरावांनी उभ्याउभ्याच ऐकून घेतला, "हो, हो, गैरसमज," असं म्हणाले आणि रिसीव्हर ठेवताठेवता नमिताकडे न बघता म्हणाले, "काढ ती."

तिने काढली. छापील अंकातही आली नाही. जगन चार दिवस धुसफुसला आणि अलिबागच्या दुसऱ्या पेपरात निघून गेला.

नमिताने काही विचारलं नाही, त्याला कारण होतं. त्या कंपनीच्या टाइम ऑफिसात अठ्ठावीस वर्षं रजिस्टर लिहिणारा माणूस तिचा बाप होता. पाच चाळीसची नोंद दत्तात्रेय खामकरांच्या अक्षरातली होती. त्या संध्याकाळी जेवताना तिने एवढंच विचारलं होतं, "आप्पा, तो बाहेर पडताना तुम्ही बघितलात?"

"लिहिलंय मी."

"बघितलात का?"

"लिहिलंय म्हटलं ना, नमे," असं म्हणून आप्पांनी ताटातच हात धुतले होते.

मोतीरामची बायको पारी एकदा ऑफिसात येऊन गेली होती. जिना चढून आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"जगनभाऊ बोल्ला, छापून येनार. ताई, छापलं का?"

"नाही अजून."

"कंपनीवाला म्हनतो, दुसरी बाई केली त्यानं. माजा नवरा बाई ठेवनारा नाय. तो आतच हाय. तुमी एवडं लिवा, तो आत हाय म्हनून. मंग कुनीतरी झाकन उघडंल."

नमिताने तिला पाणी दिलं. दुसरं काही देण्यासारखं तिच्याकडे नव्हतं, असं तेव्हा तिने स्वतःला सांगितलं.

३

धनेशची मेल वाचून तिने आधी शहाण्यासारखा विचार केला. मुंबईच्या वेबसाइटने जुनी प्रत साठवून ठेवली असेल. असं होतं. तिने मोडेम लावला, त्याची किरकिर संपेपर्यंत थांबली आणि सर्व्हरवरची मूळ फाइल उघडली.

खालपर्यंत गेली आणि नोंदी मोजल्या. अकरा भरल्या.

पुन्हा मोजल्या, बोट पडद्यावर टेकवून. हमरापूरच्या रस्त्याची, नगरपालिकेच्या सभेची, जोह्याच्या मूर्तिकारांच्या मेळाव्याची, अशा दहा. आणि दहावीच्या खाली अकरावी. तिला लिंकच नव्हती. मथळा होता, 'मोतीराम आत आहे'. गोषवाऱ्यात एकच ओळ होती: शिडी वर वढून घेतली, आता काय दिसत नाय.

तिने प्रोग्राम उघडला. दहा बातम्या घे, फाइल लिही, बंद कर. चौदा ओळींचा प्रोग्राम, त्यात अकरावीला जागाच नव्हती. डेटाबेसमध्ये 'मोतीराम' शोधलं. एकही नोंद नाही. तिने फाइल पुसून टाकली आणि प्रोग्राम हाताने चालवला. नवी फाइल तयार झाली. अकरा नोंदी. ओळ मात्र बदललेली होती.

झाकनावर कोनतरी उभं हाय.

खाली कारखान्यात कुणीतरी साचा ठोकत होतं. ठक, ठक. नमिताला वाटलं, हा कुणाचा तरी वाह्यातपणा आहे. जगनच. जाताना पासवर्ड घेऊन गेला असणार. तिने अलिबागला फोन लावला.

"मला तुझा पासवर्ड कशाला गं?" जगन म्हणाला. "आणि मला त्यातलं कळतं तरी काय?"

"मग शिडीचं कुणी लिहिलं? मजुरांनी तुलाच सांगितलं असणार."



"शिडीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं," जगन म्हणाला. "शिडीचं काय?"

तिने फोन ठेवला. मग पुन्हा लावला. "जगन, त्या टाकीत काय असतं?"

"ते विचारू नको. सहा वाजता त्यांनी माल भरला, दोन दिवस ठेवला, उपसला. काही उरत नाही त्यात. म्हणून तर एवढे बिनधास्त आहेत."

४

घरी आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाप-लेक दोघंच. साडेसातला जेवायची आप्पांची जुनी सवय. नमिताने भात वाढला, आमटी वाढली, आणि काही प्रस्तावना न करता म्हणाली, "आप्पा, शिडी कुणी काढून घेतली?"

आप्पांचा घास हातातच राहिला.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी काढली?"

"कुणी सांगितलं तुला शिडीचं? तिथे तिघंच होते."

फीडचं सांगून त्यांना काय समजणार होतं? आप्पांनी घास ताटात ठेवला. हळूहळू, कुणा परक्याची गोष्ट सांगावी तसं ते सांगू लागले. सहा वाजता माल भरायचाच होता, मुंबईहून साहेब आले होते. पावणेसहाला सुपरवायझर टाइम ऑफिसात आला. म्हणाला, तो कातकरी दिसत नाही, मागच्या भिंतीवरून उडी मारून दारू प्यायला गेला असणार, तुम्ही पाच चाळीस लिहा. शिडी काढलीय, झाकण लावलंय.

"आणि तुम्ही लिहिलंत."

"नमे, रजिस्टर कोरं ठेवता येत नाही. आत गेलेला प्रत्येक माणूस बाहेर आलेला दाखवावा लागतो."

"टाकीतून आवाज येत होता?"

आप्पांनी नजर भिंतीकडे वळवली.

"पंप चालू होता. पंपाचा आवाज मोठा असतो."

मग पहिल्यांदाच त्यांनी तिच्या नजरेला नजर दिली. "तेव्हापासून मला झोप नाही. रविवारी शटडाऊन आहे, टाकी उपसलेली असेल. पंप बंद असताना एकदा ऐकून येतो म्हणतो."

"मी येते," नमिता म्हणाली. "आणि पारी."

पारीचं नाव ऐकून ते दचकले. पण नाही म्हणाले नाहीत.

५

रविवारी सकाळी अकरा वाजता तिघं गेटावर पोचले. वॉचमन विलासने खामकर साहेबांना सलाम केला. साफसफाईला बाई आणलीय, ही माझी मुलगी, असं आप्पांनी सांगितलं आणि त्याने सोडलं.

बंद कारखान्यात ऊन स्वच्छ पडलं होतं. पाइपांवर कावळे बसले होते. तीन नंबरची टाकी दोन माणसांइतकी उंच, वर गोल झाकण. बाजूच्या लोखंडी जिन्याने तिघं वर चढले. आप्पांनी झाकणाचे बोल्ट एकेक करून सैल केले. इतका तीव्र वास आला की नमिताने पदर नाकाला लावला. आप्पांनी बॅटरी आत फिरवली. कोरडा, करडा तळ. काही नव्हतं.

पारी भोकाच्या काठाशी ओणवी झाली आणि हाक मारली, "मोतीराम! ए मोतीराम!"

तिचाच आवाज घुमून वर आला. तिने पुन्हा हाक मारली. रडली मात्र नाही.

"मला खाली सोडा," ती म्हणाली.

"नको," आप्पा म्हणाले. "मी उतरतो. मीच उतरायला पाहिजे."

नमिताने त्यांचा हात धरला होता, तो त्यांनी सोडवला. झाकणाशी आडवी ठेवलेली शिडी आत सोडली आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ते एकेक पायरी सावकाश उतरले. वरून त्यांचं टक्कल दिसत होतं आणि तळावर फिरणारा बॅटरीचा गोल.

"काही नाही गं, नमे," ते खालून म्हणाले. "कोरडं आहे सगळं."

मग बॅटरी विझली.

नमिता ओरडणार तोच खालून बोलणं ऐकू आलं. अगदी हळू. एकजण विचारत होता, एकजण उत्तर देत होता. शब्द कळत नव्हते. तिने कान दिला, आणि जे ऐकलं ते तिने नंतर किती वेळा तरी मनातून काढून टाकायचा प्रयत्न केला. विचारणारा आवाज आप्पांचा होता. उत्तर देणारा आवाजही आप्पांचाच होता.

"आप्पा! वर या!"

शिडी हलली. ते वर आले. तरण्या माणसासारखे, भराभर. चेहरा करडा पडलेला, डोळ्यांवर चष्मा नव्हता.

"चष्मा?"

"ऱ्हाऊं दे," ते म्हणाले. "दिसतंय."

६

तिथून ते थेट पोलिसांत गेले. नमिता आणि पारी मागे धावत गेल्यासारख्या गेल्या. आप्पांनी जबाब दिला. रजिस्टरात खोटं लिहिल्याचं सांगितलं, आणि पुढे जे सांगितलं ते टाइम ऑफिसात बसलेल्या माणसाला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. टाकीच्या तळाशी पत्र्याचा सांधा कुठे उचकटलाय. झाकणाच्या फटीतून उजेडाची रेघ किती वेळ दिसत होती. वर कोण कोण हसलं. माल आधी पायांना लागला तेव्हा कसं वाटलं.

हवालदाराची लेखणी मध्येच थांबली. "हे तुम्हाला कोणी सांगितलं, खामकर?"

"सांगाया कशाला पायजे?" आप्पा म्हणाले.

आप्पा घरात असं बोलत नसत.

लिहून झालं. हवालदाराने कागद फिरवून पुढे केला आणि पेन दिलं. अठ्ठावीस वर्षं रोज दोनशे नावं वळणदार अक्षरात लिहिणारा तो माणूस पेनाकडे जरा वेळ बघत राहिला. मग त्याने डावा हात पुढे केला आणि अंगठा वर धरला, शाई लावायला.

"थट्टा करता काय?" हवालदार म्हणाला.

पारी इतका वेळ भिंतीशी उभी होती. त्या अंगठ्याकडे बघून ती दोन पावलं पुढे आली.

नमिताने मनाशी म्हटलं, धक्का बसलाय त्यांना. झोप नाही, जेवण नाही, त्यात तो वास. चार दिवसांत ताळ्यावर येतील. असं होतं माणसाचं.

सोमवारी तिने ऑफिसात जाऊन फीड उघडलं. दहा नोंदी होत्या. अकरावी नव्हती. तिला रडूच आलं. डोळे पुसून तिने मोतीरामची बातमी पुन्हा लिहिली, आप्पांच्या जबाबासकट, बापाच्या नावासकट, आणि साइटवर चढवली. दुपारी फोन वाजला. हैबतराव आतून ओरडले, "काढ ती!"

"नाही काढणार, साहेब."

हैबतरावांनी स्वतः खुर्चीत बसून, एका बोटाने कळा दाबत ती पुसली. त्यांना तेवढं येत होतं. मग म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत ये. नंतर नको."

जबाबाचं पुढे काही झालं नाही. खामकरांचं डोकं फिरलंय, असं कंपनीने लिहून दिलं. अंगठ्याचा कागद त्याला पुरावा झाला. आणि दोन दिवसांत तीन नंबरची टाकी गॅसकटरने कापून तिचे पत्रे ट्रकात भरून भंगारात धाडले.

७

बुधवारी सकाळी पारी घरी आली. या वेळी ती उंबऱ्याबाहेर थांबली नाही.

आप्पा पडवीत उकिडवे बसले होते. रविवारपासून त्यांनी खुर्चीला पाठ लावली नव्हती, पायांत चपला घातल्या नव्हत्या. नमिताला ते 'ताई' म्हणत. वाढलेलं खात, पण चोरट्यासारखं, ताट मांडीजवळ ओढून.

पारी त्यांच्यासमोर बसली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"पारे," आप्पा म्हणाले. "लई येल लावलास गो."

"व्हय," पारी म्हणाली. "झाकन उघडाया कोन नवतं."

तिने फडक्यातून नाचणीची भाकर काढली. आप्पांनी ती दोन्ही हातांनी मोडली. नमिता दाराला धरून उभी होती.

"पारी, हे माझे वडील आहेत," ती म्हणाली. "त्यांना बरं नाही. तू जा आता."

"चेहरा तुमच्या बापाचा हाय," पारीने शांतपणे म्हटलं. "त्येला मी काय करू? मला जसा मिळाला तसा घेते."

"आणि माझे आप्पा?"

पारी उठली. तिच्या तोंडावर राग नव्हता, कीवही नव्हती.

"म्या तीन आठवडे इचारत फिरले, ताई. गेटावर, चौकीत, तुमच्या हापिसात. तुमी पानी पाजलंत मला. आता तुमी इचारा."

ती पुढे निघाली आणि ते तिच्या मागे. अनवाणी, जरा वाकून, नदीकडच्या पायवाटेने. नमिताने हाक मारली, "आप्पा!" शेजारपाजारचे बाहेर आले. कुणीतरी म्हणालं, अहो, धरा त्यांना. पण त्यांनी वळून पाहिलं नाही, तेव्हा धरायला कुणी पुढे झालं नाही. नमिता स्वतःही झाली नाही. त्या माणसाच्या अंगाला हात लावायचा तिला धीर होईना.

गुरुवारी ती पेणला गेली. कुठे जायचं ते सुचत नव्हतं म्हणून गेली. धनेशची मेल येऊन पडली होती. "खालची बातमी बदलली वाटतं. हे दत्तात्रेय कोण?"

तिने फाइल उघडली. मोजायची गरज नव्हती. ती थेट तळाशी गेली.

'दत्तात्रेय आत आहे.'

लिंक नव्हती. टाकीही आता नव्हती. तिचे पत्रे कुठल्या भट्टीत गेले ते विचारायला माणूस नव्हता. गोषवाऱ्यात एकच ओळ होती, आणि ती आप्पांच्या बोलण्यातली होती, शुद्ध, सावकाश.

नमे, चष्मा सापडला, पण उजेड नाही.

नमिता घड्याळाकडे बघत बसून राहिली. तास भरला. फाइल नवी झाली.

नमे, वर कोण आहे?

खालच्या कारखान्यातलं ठोकणं जेवणाच्या सुट्टीला थांबलं. हैबतराव बाहेर गेले होते. तिने डबा उघडला नाही. दोन वाजता पुन्हा फाइल नवी झाली.

नमे, तू जेवलीस का गं?

तिचे हात आपोआप कळांवर गेले. 'आप्पा' एवढं तिने लिहिलंही. मग थांबली. ते पाठवायचं कुठे? फीड इथून बाहेर जायचं. मुंबईला, मस्कतला, जो मागेल त्याच्याकडे. बाहेरून आत काही आणायची सोय त्यात नव्हती. प्रोग्राम तिनेच लिहिला होता, तिला माहीत होतं.

ती तीन वाजायची वाट बघत बसली.